दूरच्या पेटीतील पत्र
लहान कचेरीच्या सर्व्हरवर ई-मेल आणण्याची व्यवस्था

१. विषयप्रवेश

टपाल कचेरीत भाड्याने पेटी घेण्याची पद्धत पुष्कळांच्या परिचयाची आहे. एखाद्या पेढीच्या नावे आलेली पत्रे पोस्टमन तिच्या दारी आणून देत नाही. ती टपाल कचेरीतील ठराविक क्रमांकाच्या पेटीत पडून राहतात. पेढीचा शिपाई दिवसातून एकदा-दोनदा किल्ली घेऊन जातो, पेटी उघडतो, पत्रे थैलीत घालतो आणि कचेरीत आणतो. तेथे त्यांची आवक-नोंदवहीत नोंद होते व मग प्रत्येक पत्र ज्याच्या त्याच्या मेजावर पोचते.

लहान कचेरीतील सर्व्हरवर दूरची ई-मेल आणण्याची व्यवस्था ह्याच धर्तीची आहे. दहा-बारा माणसांच्या कचेरीत एक संगणक सर्वांच्या पत्रांची व्यवस्था पाहतो. त्यास सर्व्हर म्हणतात. बाहेरून येणारी पत्रे प्रथम सेवा पुरविणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या संगणकावर, कचेरीच्या नावे राखून ठेवलेल्या पेटीत जमा होतात. कचेरीचा सर्व्हर ठराविक वेळी त्या संगणकाशी संपर्क साधतो, पत्रे आणतो आणि त्यांची वाटणी करतो.

ह्या दोन व्यवहारांत एक मूलभूत भेद मात्र आहे. शिपायाने पत्र उचलले की पेटी आपोआप रिकामी होते. संगणक पत्र उचलीत नाही. तो त्याची नक्कल करून घेतो. मूळ पत्र पेटीत तसेच राहते आणि ते केव्हा नष्ट करावयाचे, हा निर्णय निराळा घ्यावा लागतो. तो वेळेपूर्वी घेतला तर पत्र कायमचे हरवते; उशिरा घेतला तर एकच पत्र दोनदा येते. ह्या व्यवस्थेची सारी रचना ह्या एका निर्णयाभोवती उभी आहे.

२. पत्र पेटीपर्यंत कसे येते

एका संगणकाने दुसऱ्या संगणकास पत्र कसे द्यावे, ह्याविषयीचे नियम जॉन पोस्टेल ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. संगणकांमधील संभाषणाच्या अशा ठरीव नियमांस प्रोटोकॉल म्हणतात. पोस्टेल ह्यांच्या प्रोटोकॉलचे संक्षिप्त नाव एसएमटीपी असे असून, पुढे अनेक सुधारणा होऊनही जगातील ई-मेलची ने-आण आजही मुख्यतः त्याच्याच आधारे चालते.

ह्या प्रोटोकॉलमध्ये पुढाकार पाठविणाऱ्याकडे असतो. तो घेणाऱ्याच्या दारी जाऊन हाक मारतो; घेणारा जागा असला पाहिजे. तो जागा नसल्यास पत्र लागलीच परत जात नाही. पाठविणारा संगणक ते आपल्या रांगेत ठेवतो व काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांमध्ये निदान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि निदान ४ ते ५ दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असा संकेत आहे.

आता एखादी कचेरी दिवसातून केवळ दोनदा, दहा-दहा मिनिटे, टेलिफोनच्या तारेवरून जाळ्याशी जोडली जाते असे समजा. पाठविणारा अर्ध्या-अर्ध्या तासाने येऊन हाक मारतो. परंतु तो येतो तेव्हा दार बंद असते आणि दार उघडते तेव्हा तो नसतो. अशी चुकामूक दिवसेंदिवस चालू राहू शकते. म्हणून सदैव जाग्या असणाऱ्या संगणकावर पेटी ठेवावी आणि पत्रे नेण्याचा पुढाकार घेणाऱ्याकडे द्यावा, हा मार्ग निघाला.

भारतात ह्या प्रश्नाचा अनुभव प्रारंभापासूनच आला. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' ह्या जाळ्याचा प्रकल्प १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने हाती घेतला. त्या काळी संस्था-संस्थांमधील ई-मेल टेलिफोनवर क्रमांक फिरवून, साठविलेल्या पत्रांचा गठ्ठा एकदम सोडून पाठविली जाई. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था ह्या त्या पहिल्या संस्थांपैकी होत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, तीदेखील टेलिफोनच्या तारेवरूनच.

त्या तारेवर काळ आणि पैसा ह्यांचे नाते फार निकट होते. सेकंदास ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमने, प्रत्येक अक्षरामागे १० बिट धरले असता, सेकंदास ९६० अक्षरे येतात. म्हणजे दहा लक्ष अक्षरांचे पत्र येण्यास सुमारे १७ मिनिटे लागत. पत्रास चित्र किंवा तक्ता जोडला असेल तर तो साध्या अक्षरांत रूपांतरित करताना तीन अक्षरांची चार होतात, म्हणून दहा लक्ष अक्षरांच्या जोडपत्रास २३ मिनिटांहून अधिक वेळ लागे. बाविसाव्या मिनिटाला तार तुटली तर सारे पत्र पुन्हा प्रारंभापासून आणावे लागे.

तारांचे दिवस मागे पडले, तरी खंडित संपर्काचा प्रश्न संपला नाही. अंदमान-निकोबार बेटांना चेन्नईशी जोडणारी सागरतळावरील तार ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित झाली; तोपर्यंत तेथील सर्व भिस्त उपग्रहांवर होती. समुद्रावरील जहाजे व दुर्गम भागातील केंद्रे ह्यांना आजही जोडणी तुटण्याचा संभव गृहीत धरूनच व्यवस्था करावी लागते.

३. पेटीतून पत्र आणणे

दूरच्या पेटीतून पत्रे आणण्याच्या प्रोटोकॉलचे पहिले रूप ऑक्टोबर १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे संक्षिप्त नाव पीओपी, म्हणजे 'टपाल कचेरीचा प्रोटोकॉल' होय. त्याची तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि मे १९९६ मध्ये तिला मिळालेले रूप आजही प्रचारात आहे. ह्याच क्षेत्रात १९८६ पासून मार्क क्रिस्पिन ह्यांनी आयमॅप हा दुसरा प्रोटोकॉल विकसित केला. त्यात पत्रे दूरच्या संगणकावरच ठेवून वाचण्याची सोय आहे. पत्रे कचेरीत आणून तेथेच ठेवावयाची असल्यास पहिला पुरेसा होतो.

पीओपीचे संभाषण अत्यंत साधे असते. त्याचा एक नमुना पुढे दिला आहे. प्रत्येक आज्ञा इंग्रजी शब्दाचे तीन-चार अक्षरांचे रूप असते.

दूरचा सर्व्हर : ओके, तयार.
कचेरी : यूझर लेखाशाखा.
दूरचा सर्व्हर : ओके.
कचेरी : पास, आणि त्यापुढे परवलीचा शब्द.
दूरचा सर्व्हर : ओके, पेटी उघडली.
कचेरी : स्टॅट.
दूरचा सर्व्हर : ओके, २ पत्रे, ५,३२० अक्षरे.
कचेरी : रेटर १.
दूरचा सर्व्हर : ओके, त्यामागून पत्राचा मजकूर, अखेरीस एका ओळीवर एकटा पूर्णविराम.
कचेरी : डीली १.
दूरचा सर्व्हर : ओके, खूण केली.
कचेरी : क्विट.
दूरचा सर्व्हर : ओके, संभाषण समाप्त.

ह्यात 'रेटर' म्हणजे पत्र आणा आणि 'डीली' म्हणजे पत्र काढून टाका. एकटा पूर्णविराम ही पत्र संपल्याची खूण आहे. पत्रातीलच एखादी ओळ पूर्णविरामाने सुरू होत असेल तर घोटाळा होईल. म्हणून पाठविणारा तेथे आणखी एक पूर्णविराम जोडतो व घेणारा तो काढून टाकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटच्या आज्ञेत दडलेली आहे. 'डीली' म्हटल्याबरोबर पत्र नष्ट होत नाही. त्यावर केवळ खूण केली जाते. 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतला, तरच खूण केलेली पत्रे काढली जातात. मध्येच तार तुटली तर सर्व खुणा रद्द होतात आणि पेटी पूर्ववत राहते. प्रोटोकॉलच्या कर्त्यांनी येथे जाणूनबुजून एक बाजू निवडली आहे : संशय असेल तेव्हा पत्र राखावे.

ह्या सावधगिरीची किंमत द्यावी लागते. २० पत्रे येऊन पोचली आणि निरोपापूर्वी तार तुटली, तर पुढच्या खेपेस तीच २० पत्रे पुन्हा येतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पत्रास १ ते ७० अक्षरांची एक अनन्य खूण देण्याची ऐच्छिक सोय प्रोटोकॉलमध्ये आहे. कचेरीच्या सर्व्हरने आणलेल्या पत्रांच्या खुणा आपल्या वहीत टिपून ठेवल्या, तर आधी आणलेले पत्र कोणते ते त्यास ओळखता येते.

४. हवाला देण्याचा क्षण

पत्र दूरच्या पेटीतून निघून कचेरीच्या संगणकाच्या स्मृतीत आले, एवढ्याने ते सुरक्षित झाले असे मानता येत नाही. त्याच क्षणी वीज गेली तर ते नाहीसे होईल. मग मूळ पत्र काढण्यास योग्य क्षण कोणता?

'फेचमेल' ह्या आज्ञावलीने दिलेले उत्तर ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कार्ल हॅरिस ह्यांची 'पॉपक्लायंट' नावाची एक आज्ञावली होती. १९९६ मध्ये एरिक रेमंड ह्यांनी तिचे काम आपल्याकडे घेतले. आणलेली पत्रे स्वतःच फायलीत लिहिण्याचा तिचा रिवाज होता. तिच्या एका वापरकर्त्याने रेमंड ह्यांस निराळी कल्पना कळविली : पत्र आणल्यावर ते त्याच संगणकावरील एसएमटीपी सर्व्हरच्या हाती द्यावे, जणू ते बाहेरून थेट आले आहे. ही कल्पना रेमंड ह्यांनी स्वीकारली आणि त्यानंतर आज्ञावलीचे नावही बदलले.

ह्या बदलामुळे काम हलके झाले एवढेच नव्हे, तर जबाबदारीची सीमारेषा स्पष्ट झाली. एसएमटीपीच्या नियमानुसार घेणारा सर्व्हर सर्व मजकूर घेतल्यावर '२५०' ह्या अंकाने पोच देतो. ही पोच म्हणजे पत्राची जबाबदारी स्वीकारल्याची ग्वाही होय. ती दिल्यानंतर संगणक बंद पडल्यासारख्या क्षुल्लक कारणाने पत्र हरविता कामा नये, असे नियमच सांगतो. म्हणून काटेकोर सर्व्हर पत्र तबकडीवर पक्के लिहिले गेल्यावाचून २५० म्हणत नाही. आणि फेचमेल २५० ऐकल्यावाचून दूरच्या पेटीतील पत्रावर काढून टाकण्याची खूण करीत नाही.

हा क्रम पुन्हा एकदा पाहावा : प्रथम आणणे, मग लिहिणे, मग पोच, आणि सर्वांत शेवटी मूळ प्रत काढणे. ह्या चार पायऱ्यांत असा एकही क्षण नाही की ज्या वेळी पत्राची जबाबदारी कोणाकडेच नाही. क्रमातील कोणत्याही दोन पायऱ्यांची अदलाबदल केली तर असा क्षण निर्माण होतो, आणि वीज नेमकी त्याच क्षणी जाणार नाही असे गृहीत धरता येत नाही.

पोच न मिळता नकार मिळाला तर काय करावे, हेही ठरलेले आहे. चाराने सुरू होणारा अंक तात्पुरता नकार दर्शवितो. तबकडीवर जागा उरली नसेल तर '४५२' असे उत्तर येते. अशा वेळी पत्र दूरच्या पेटीतच राहू द्यावयाचे व पुढच्या खेपेस पुन्हा प्रयत्न करावयाचा. पाचाने सुरू होणारा अंक कायमचा नकार असतो आणि खरा धोका येथे आहे. सर्व्हरच्या यादीत एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव चुकीचे लिहिले गेले, तर 'असा इसम येथे नाही' म्हणून तो त्याची सर्व पत्रे कायमची नाकारील आणि आणणारी आज्ञावली, प्रश्न मिटला असे समजून, मूळ प्रती काढून टाकू शकेल. येथे प्रोटोकॉल मोडलेला नाही, यंत्र बिघडलेले नाही. तरीही पत्रे गेली. म्हणून नवी व्यवस्था सुरू करताना काही दिवस मूळ प्रती पेटीतच ठेवण्याची सूचना आज्ञावलीस द्यावी, कचेरीतील प्रत्येकाची पत्रे बिनचूक येतात ह्याची खात्री करून घ्यावी आणि मगच पेटी रिकामी करण्यास मुभा द्यावी.

५. दोन प्रती की एकही नाही

पत्र हरवणारही नाही आणि दोनदा येणारही नाही, अशी निर्दोष व्यवस्था करता येणार नाही काय, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका प्रसिद्ध कोड्यात सापडते. ते १९७८ मध्ये जिम ग्रे ह्यांनी दोन सेनापतींच्या रूपाने मांडले होते.

दोन सेनापती दोन टेकड्यांवर आहेत आणि मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय मिळेल. पहिला सेनापती जासुदाबरोबर वेळ कळवितो. परंतु जासूद वाटेत पकडला गेला नाही ना, हे त्यास कळत नाही. म्हणून तो पोच मागतो. दुसरा पोच पाठवितो. पण ती पोचली की नाही, ह्याची शंका आता त्यास राहते. पोचेची पोच, तिचीही पोच, असे कितीही जासूद धाडले तरी शेवटच्या जासुदाविषयीची शंका फिटत नाही. जासूद हरविण्याचा संभव जोपर्यंत आहे, तोपर्यंत दोघांनाही पूर्ण खात्री मिळणे अशक्य आहे, हे सिद्ध करता येते.

टेलिफोनची तार म्हणजे तीच दरी होय. '२५०' ही पोच वाटेत हरवली, तर घेणाऱ्याकडे पत्र आहे आणि देणाऱ्यास मात्र ते पोचले नाही असे वाटते. अशा वेळी पुन्हा पाठविले तर दोन प्रती होतील. न पाठविले तर कदाचित एकही प्रत पोचलेली नसेल. तिसरा मार्ग नाही. ई-मेलच्या सर्व प्रोटोकॉलांनी पहिला मार्ग पत्करला आहे, आणि तो योग्यच आहे; कारण दोन प्रतींपैकी एक फाडून टाकता येते, न आलेले पत्र मात्र आले नाही हेदेखील कळत नाही. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर जगात एकमेव असा एक ओळख-क्रमांक घालण्याचा संकेत आहे. त्यावरून दुसरी प्रत ओळखून बाजूस काढता येते.

६. पाकीट हरवते तेव्हा

साध्या टपालात पत्ता पाकिटावर असतो आणि आतील कागदावर 'प्रिय महाशय' असा मायना असतो. पोस्टमन पाकीट पाहतो. मायना पाहत नाही. ई-मेलमध्येही हा भेद आहे. एसएमटीपीच्या संभाषणात प्रथम घेणाऱ्याचा पत्ता सांगितला जातो. ते पाकीट होय. त्यानंतर येणाऱ्या मजकुराच्या माथ्यावर 'प्रति' असे लिहून जे नाव येते तो केवळ मायना होय. दोहोंत मेळ असलाच पाहिजे असे नाही. गुप्त प्रत धाडलेल्या व्यक्तीचे नाव मायन्यात नसते. आणि एखाद्या मंडळाच्या सर्व सभासदांना गेलेल्या परिपत्रकावर मंडळाचा पत्ता असतो, सभासदाचा नव्हे.

पत्र दूरच्या पेटीत ठेवताना पाकीट फाडले जाते. पेटी एकाच व्यक्तीची असेल तर त्याने बिघडत नाही. परंतु खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ लहान कचेऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची पत्रे एकाच पेटीत जमा करवितात व ती आपल्या सर्व्हरवर आणून वाटतात. तेव्हा सर्व्हरपुढे पाकिटाविना पत्रांचा ढीग येतो आणि मायन्यावरून अंदाज करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अंदाज चुकला तर गुप्त प्रत भलत्याच्या मेजावर पडते, किंवा परिपत्रकाचा धनी सापडत नाही. सर्वांत अनिष्ट प्रकार म्हणजे सर्व्हरने मायन्यातील पत्ता खरा मानून परिपत्रक पुन्हा मंडळाकडेच रवाना करणे. मंडळ ते सर्व सभासदांना धाडते, त्यातील एक प्रत पुन्हा पेटीत येते, आणि हे चक्र कोणी थांबवीपर्यंत फिरत राहते.

ह्यावर तीन उपाय आहेत. पहिला व उत्तम उपाय, प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र पेटी देणे. दुसरा, पेटी ठेवणाऱ्या संस्थेने पाकिटावरील पत्ता फाडण्यापूर्वी पत्राच्या माथ्यावर वेगळ्या ओळीत नोंदविणे आणि कचेरीच्या सर्व्हरने तीच ओळ प्रमाण मानणे. तिसरा, पत्र पेटीत न टाकता पाकिटासह रांगेतच थोपवून ठेवणे. कचेरीचा सर्व्हर जोडणी होताच 'माझ्या नावाची रांग सोडा' अशी आज्ञा देतो. तिचे नियम ऑगस्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कचेरीस जाळ्यावर कायमचा पत्ता नाही तिच्यासाठी, त्याच जोडणीवर भूमिकांची अदलाबदल करून पत्रे देण्याची रीत १९९९ मध्ये ठरविण्यात आली.

७. किल्ली आणि पहारा

मूळ पीओपीमध्ये परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जात असे. वाटेत कान लावून बसलेल्या कोणासही तो ऐकू येई. म्हणून सारे संभाषण गूढलिपीत गुंडाळण्याची पद्धत आली. उघडे संभाषण ११० क्रमांकाच्या दारावर होते, गूढलिपीतील ९९५ क्रमांकाच्या. २०१८ पासून प्रारंभापासूनच्या गूढलिपीची रीतसर शिफारस आहे. मात्र समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे ना, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून तपासले नाही तर गूढलिपी व्यर्थ होय. २०२२ पासून काही मोठ्या सेवांनी केवळ परवलीचा शब्द स्वीकारणे बंद केले असून त्याऐवजी त्या मुदतीचा परवाना मागतात. जुनी व्यवस्था चालविणाऱ्याने ह्याची नोंद घ्यावी. अन्यथा एके दिवशी पेटी उघडेनाशी होते.

सर्व्हर रात्रीही एकटा पत्रे आणतो, म्हणून परवलीचा शब्द त्याच्या फायलीत लिहून ठेवावा लागतो. ती फाइल मालकाखेरीज इतर कोणास वाचता येत असेल तर फेचमेल कामच करीत नाही. तसेच कचेरीतील एसएमटीपी सर्व्हरने बाहेरच्या अनोळखी संगणकांची पत्रे पुढे पाठवू नयेत. नाहीतर परक्यांची नको असलेली जाहिरातपत्रे त्या कचेरीच्या नावावर सुटतील.

८. समारोप

दूरची ई-मेल आणण्याच्या यंत्रणेत सर्वांत कठीण भाग तारेचा किंवा वेगाचा नाही, विश्वासाने हवाला देण्याचा आहे. देणाऱ्याने पोच मिळेपर्यंत मूळ प्रत सोडू नये. घेणाऱ्याने पत्र पक्के लिहिल्यावाचून पोच देऊ नये. आणि पाकिटावरील पत्ता वाटेत हरवू देऊ नये. ह्या तीन गोष्टी पाळल्या तर मोडेमच्या मंद तारेवरूनही पत्र सुखरूप येते. त्या पाळल्या नाहीत तर अत्यंत वेगवान जोडणीवरही ते नाहीसे होते, आणि ते कोणी लिहिले होते हेसुद्धा कचेरीस कधी कळत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'डीली' ही आज्ञा दिल्यावर, पण 'क्विट' म्हणण्यापूर्वी तार तुटली. पेटीची स्थिती काय होईल?

२. एका सर्व्हरने पत्र तबकडीवर लिहिण्यापूर्वीच '२५०' ही पोच दिली. कोणत्या प्रसंगी पत्र हरवेल?

३. दहा जणांच्या कचेरीची एकच पेटी आहे. त्यांपैकी एकास गुप्त प्रत आली, तर ती योग्य मेजावर पोचण्यासाठी कोणती माहिती आवश्यक आहे व ती वाटेत कोठे नष्ट होते?